गावंडे सरांच्या हाताचे पापड

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा भगवंतराव गावंडे सर आपल्या उजव्या हाताकडे परक्या माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले. हात वाळला होता, कातडीची सालपटं निघत होती, तळवा वळत नव्हता आणि बोटं अशी आखडली होती की हातात अदृश्य चहाचा कप धरलाय असं वाटावं. धामणगाव रेल्वे ह्या गावातल्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं होतं. त्यांच्या शिट्टीवर नऊशे पोरं एका पायावर उभी राहत. आणि आता स्वतःची पाच बोटं हुकूम मानत नव्हती.

पडले कसे, हे सर कोणाला सांगत नसत. सकाळी फिरायला गेले असताना पोलीस भरतीची तयारी करणारा एक जण चुकीचा पळताना दिसला. सरांना चुकीचं पाहवत नसे. योग्य पद्धत दाखवायची म्हणून ते त्याच्यापुढे उलट्या पावली पळू लागले आणि सिमेंट रोडसाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगावर जाऊन आदळले. भरतीवाला पुढे निघून गेला. तसाच, चुकीचा पळत.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना अमरावतीला डॉ. दामिनी मॅडमकडे पाठवलं. ह्या मॅडम फक्त हाताचा, मनगटाचा आणि कोपराचा इलाज करत. दवाखान्यात औषधाची एक बाटली नव्हती. एक आजोबा तांदळात हात घालून गोट्या शोधत होते, एक बाई कपड्यांचे चिमटे तारेला लावून काढत होती. सरांना हा प्रकार बालवाडीसारखा वाटला. मॅडमनी कंपासपेटीतल्यासारख्या कोनमापकाने त्यांचं मनगट मोजलं, एक यंत्र मुठीत दाबायला लावलं. काटा चारवर जाऊन थकला.

बाहेर रोग्यांची रांग होती. मॅडम भराभर बोलल्या. कणकेचा मुठीएवढा गोळा घ्यायचा, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं मळायचा. सगळं दाखवणारा व्हिडिओ मोबाईलवर पाठवते, मला समोर उभी समजा आणि मी करते तसं करा. दुखऱ्या हातानं जड काही उचलू नका, त्याला जपा. तीन आठवड्यांनी या. सरांनी सावधान उभं राहून सगळं ऐकलं आणि मनातल्या मनात पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर स्वयंपाकघरात शिरले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि त्या खोलीत ते आजवर पाणी प्यायलाही गेले नव्हते. पार्वताबाई चुलीवरचं दूध सोडून त्यांच्याकडे पाहू लागल्या. सरांनी मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. व्हिडिओत दामिनी मॅडम म्हणत होत्या, कोपर सरळ ठेवा. सर म्हणाले, "कोपर आन." वऱ्हाडात जुन्या घरी मोठ्या परातीला कोपर म्हणतात. पार्वताबाईंनी माळ्यावरून सासूबाईंच्या काळची पितळी कोपर काढली, घासली आणि ओट्यावर अगदी सरळ ठेवली.

सरांनी एक हात पाठीमागे, विश्रामच्या पवित्र्यात घेतला आणि दुसरा कणकेत घातला. पार्वताबाई जरा पुढे झाल्या. "अवो, पन थो हात..."

"पार्वती," सर म्हणाले, "बत्तीस वर्षं मी दुनियेले व्यायाम शिकवला. आता तू मले शिकवून राहिली का?"

पार्वताबाई दूध पाहायला गेल्या.

पाच मिनिटं झाल्यावर सरांना कळलं की पाच मिनिटं ही आजारी माणसांसाठी असतात. त्यांनी अर्धा तास मळलं, एक-दोन-तीन-चार अशा ठेक्यात, दर शंभरानंतर एक दीर्घ श्वास घेऊन. मुठीएवढ्या गोळ्यात त्यांचं समाधान होईना म्हणून अख्ख्या घराची कणीक घेतली. त्या दिवशीच्या पोळ्या पार्वताबाईंनी स्वतः केल्या होत्या, तरी खाताना त्यांना वाटलं की आपण कोणाच्या तरी घरी पाहुण्या आलोय. पोळी तोंडात घालायच्या आधीच विरघळत होती.

चौथ्या दिवशी शेजारच्या बेबीताई विरजण मागायला आल्या आणि पोळी खाऊन गेल्या. एप्रिल लागला होता. गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर वाळवणाची तयारी चालली होती, आणि उडदाच्या पापडाचं पीठ म्हणजे बायकांच्या दंडाची परीक्षा. ते मळावं लागतं, कुटावं लागतं, तेलाचा हात लावून ओढावं लागतं, तेव्हा कुठे पापड फाटत नाही. बेबीताई संध्याकाळी दोन किलो पीठ घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "सर, तुमी तसंही मळूनच राहिले, तं हेबी मळा. तुमचा व्यायाम होईन, आमचं काम होईन."

सरांनी पिठात बोट खुपसून पाहिलं. गव्हाची कणीक म्हणजे हलकी कवायत होती, हे वजनी काम होतं. ते खूश झाले.

बेबीताईंचे पापड उन्हात वाळले तेव्हा त्यातून पलीकडचा वर्तमानपत्राचा मजकूर वाचता येत होता. एकही फाटला नव्हता. ही बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायला दुपार लागली नाही. त्या टोकाच्या चतुराबाई शेवयांचा रवा घेऊन आल्या, त्यांच्यामागे मुगाचं पीठ आलं, मग काडीवर वळायच्या सरगुंड्यांचं. दहाव्या दिवशी सरांनी दारावर वेळापत्रक लावलं. सात ते आठ उडीद, आठ ते नऊ मूग, संध्याकाळी शेवया, रविवारी मैदान बंद. बायका डोक्यावर पदर घेऊन, पातेली कडेवर धरून ओट्यापर्यंत रांगेत उभ्या राहत. दोघींमध्ये एक हात अंतर असावं लागे. एकीनं पापडखार अंदाजानं घातला होता, तर सरांनी पीठ परत केलं. पिठाला शिस्त नाही, म्हणाले.

एक हात पाठीमागे आणि एका हातानं तीन-तीन किलो उडीद हा माणूस लोळवतो, हे पाहायला लोक येऊ लागले. ज्या हाताचं हाड मोडलं त्या हातात एवढी ताकद आली म्हणजे इलाज जबरदस्त आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. ज्यांचे हात धडधाकट होते त्या दोघीतिघींनी दामिनी मॅडमचा पत्ता लिहून घेतला.

मग अकोल्याहून बेबीताईंची लेक प्राजक्ता आली. तिच्या नणदेचं लग्न होतं आणि रुखवतात पापड ठेवायचे होते. बारा किलो उडदाचं पीठ गोणीत भरून तिनं रेल्वेनं आणलं होतं. अकोल्यात काय पापड मिळत नाहीत का, असं सरांनी विचारलं. मिळतात, पण हाताचे मिळत नाहीत, असं ती म्हणाली. सर चार वेळा नको म्हणाले आणि गोणी आत ठेवायला लावली.

त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम बोलत होत्या. एक मेला शाळेत प्रमुख पाहुणे म्हणून याल का, असं त्यांनी विचारलं. सर खुर्चीवर बसले होते ते उठून उभे राहिले आणि उभ्यानंच हो म्हणाले.

ह्या ‘हो’मागे आठ वर्षं होती. सर निवृत्त झाले त्या दिवशी शाळेत त्यांचा निरोप समारंभ ठेवला होता. मंडप पडला होता, भाषणं लिहून झाली होती, आणि सकाळी दहा वाजता संस्थेचे एक वयोवृद्ध संचालक वारले. समारंभाची शोकसभा झाली. सरांसाठी आणलेला हार संचालकांच्या फोटोला गेला आणि सरांनाच दोन मिनिटं शांततेचा हुकूम द्यावा लागला. पुन्हा कार्यक्रम घेऊ, असं सगळे म्हणाले होते. तो आज, आठ वर्षांनी, येत होता. एक मे, महाराष्ट्र दिन. झेंडा, ओळीत उभी पोरं, आणि सलामी घेणारे गावंडे सर.

सलामी उजव्या हाताची असते. सरांनी व्यायाम दुप्पट केला. हात किती सुधारला हे मात्र ते मुद्दाम पाहत नसत. जपा म्हटलंय म्हणजे जपायचं. परीक्षेआधी पेपर फोडायचा नाही, हा त्यांचा नियम होता. पार्वताबाईंनी पांढरी पँट, पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. कॅनव्हासच्या बुटांना सरांनी स्वतः खडू लावला.

सत्तावीस एप्रिलला दोघं अमरावतीला गेले. दामिनी मॅडमनी यंत्र पुढे केलं आणि आधी चांगला हात मोजू म्हणाल्या, म्हणजे तुलना करता येईल. सरांनी डाव्या हातानं यंत्र दाबलं. काटा पन्नासच्या पुढे गेला. मॅडमनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, आतून दुसरं यंत्र आणलं. दुसऱ्याचा काटाही तिथेच गेला. "काका, हा हात पहेलवानाचा आहे," त्या म्हणाल्या. "आता दुखरा द्या."

उजव्या हाताचा काटा पाचवर थांबला.

मॅडमनी आकडा लिहून घेतला. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, तुम्ही कणीक कोणत्या हातानं मळली?"

"डाव्या," सर म्हणाले.

"का?"

प्रश्नच सरांना समजला नाही. त्यांनी मॅडमना शांतपणे समजावून सांगितलं. व्हिडिओत मॅडम समोर उभ्या होत्या आणि उजव्या हातानं मळत होत्या. समोर उभा राहून शिकवणाऱ्याचा जो उजवा, तो शिकणाऱ्याचा डावा. आरशासारखं. बत्तीस वर्षं ते स्वतः पोरांपुढे असेच उलटे हात वर करत आले होते, आणि महाराष्ट्रातला प्रत्येक ड्रिल मास्तर असंच करतो. शिवाय मॅडमनी दुखऱ्या हाताला जपायला सांगितलं होतं. त्यांनी जपला होता. तीन आठवडे त्याला पाठीमागून पुढे येऊ दिलं नव्हतं.

"पण काका, इलाज उजव्याचा होता."

"मले वाटलं, चांगल्याचं पाहून दुखरा शिकते," सर म्हणाले. "वर्गात ढ पोरगं हुशाराजवळ बसवतो आपन, तसं."

मॅडमनी कपाळाला हात लावला, तोही उजवा. मग त्यांनी पार्वताबाईंना विचारलं, काकू, तुम्हाला तरी दिसलं नाही का? पार्वताबाईंनी पदर सारखा केला. "मले पयल्याच दिवशी दिसलं. मी सांगूनबी राहिली होती. यायनं बोलू देल्लं नाही."

सर भिंतीवरच्या हाताच्या हाडांच्या चित्राकडे पाहू लागले. त्यात सत्तावीस हाडं होती. त्यांनी दोनदा मोजली.

मॅडमनी ह्या वेळी व्हिडिओ पाठवला नाही. सरांचा उजवा हात स्वतः धरून कणकेत घातला आणि मनगटाला लाल रिबीन बांधून दिली. दर तासाला दहा मिनिटं, एवढंच. एक मेपर्यंत काय होईल, असं सरांनी विचारलं. ताट धरता येईल, मॅडम म्हणाल्या. सलामी? सलामी नाही.

घरी आल्यावर सरांनी जाहीर केलं की आजपासून फक्त उजवा, आणि उजवा सरळ झाला त्या दिवसापासून ते कोपरीतल्या पिठाला शिवणार नाहीत, मग कोणाच्या घरचं लग्न असो.

दुसऱ्या दिवशी उजव्या हातानं मळलेलं पीठ बेबीताईंनी नेलं आणि तासाभरात परत आणलं. त्यात गुठळ्या होत्या. त्यांच्यामागे चतुराबाई होत्या, त्यांच्यामागे आणखी सहा जणी, एक हात अंतर ठेवून. सर दुःखी आहेत हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांना वाईटही वाटत होतं. पण वाळवणाचे दिवस थोडे राहिले होते. शेवटी बेबीताईच बोलल्या.

"सर, आमचं पीठ डाव्यानंच मळा. इलाज तुमच्या घरच्या पिठावर करा."

तसं ठरलं. डावा गल्लीसाठी, उजवा घरासाठी. तीन दिवस पार्वताबाईंनी गुठळ्यांच्या पोळ्या खाल्ल्या आणि तक्रार केली नाही. सर तासातासाला आतल्या खोलीत जाऊन आरशासमोर उजवा हात कपाळाशी नेत. आरशातला माणूस डाव्या हातानं चहा पितोय असं दिसे.

एक मेच्या सकाळी सर पांढऱ्या कपड्यांत शाळेच्या मैदानावर गेले. पोरं ओळीत उभी होती. सरांनी मंजुषा मॅडमना बाजूला घेतलं आणि आयुष्यात कधी न काढलेल्या बारीक आवाजात सांगितलं की हात कपाळापर्यंत जातो पण बोटं उघडत नाहीत, सलामी होणार नाही, मला माफ करा.

मंजुषा मॅडम गोंधळल्या. "सर, झेंडा तर संस्थेचे अध्यक्ष लावतीन. तुमी फक्त सावधान उभे राहा. तुमचा कार्यक्रम नऊ वाजता आतमधे हाये."

"माझा कोनता कार्यक्रम?"

मॅडमनी सभागृहाच्या दाराकडे बोट दाखवलं. वर कापडी फलक होता. माता पालक मेळावा. विषय, उन्हाळी वाळवण. प्रमुख मार्गदर्शक, श्री. भगवंतराव गावंडे. खाली पापडाचं चित्र काढलं होतं आणि ते चांगलं गोल नव्हतं.

झेंडावंदन झालं. सर ताठ उभे राहिले, कोणालाही त्यांच्या हाताची आठवण झाली नाही. राज्यगीत संपलं, पोरांना चॉकलेटं वाटली. सर फाटकाच्या दिशेनं चालू लागले. पार्वताबाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्या बेबीताईंबरोबर सरळ सभागृहात जाऊन तिसऱ्या ओळीत बसल्या.

सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि फाटकाचा रस्ता खिडकीखालूनच जात होता. आत पाहुणे यायच्या आधी बायकांच्या गप्पा चालल्या होत्या. कोणीतरी विचारलं, एका किलो उडदाला पापडखार किती? दुसरीनं ठासून सांगितलं, मूठभर टाका.

खिडकीखाली पावलं थांबली.

सर दारातून आत आले ते थेट माईकपाशी. नमस्कार नाही, अध्यक्ष महोदय नाही. मूठभर खार टाकणाऱ्या बाईला त्यांनी उभं केलं आणि पापड लाल का होतो ते तिच्याकडूनच सांगून घेतलं. तीनशे बायकांनी वह्या काढल्या. पाणी किती, मिरी कशी कुटायची, पीठ कधी झाकायचं, तेलाचा हात कुठे लावायचा. समोर टेबलावर शाळेनं नमुन्याचं पीठ ठेवलं होतं ते सरांनी डाव्या हातानं दोन मिनिटांत रेशमासारखं केलं, आणि मग सगळ्या सभागृहाला हवेतल्या हवेत मळायला लावलं. एक-दोन-तीन-चार. सहाशे हात एकदम खाली जात होते आणि एकदम वर येत होते. मागच्या दोन ओळी ठेका चुकवत होत्या, त्यांना पुन्हा करावं लागलं. मंजुषा मॅडमही करत होत्या. दाराशी उभे असलेले अध्यक्ष थोडा वेळ पाहत राहिले आणि मग तेही करू लागले.

तीस मिनिटांच्या जागी पन्नास झाली. सरांचा चेहरा लाल झाला होता, आवाज जुन्या मैदानावरचा झाला होता. लाटी कशी दाबायची हे सांगायची वेळ आली. डाव्या हातात पीठ होतं, ते खाली ठेवायचं भान सरांना राहिलं नाही. त्यांनी दुसरा हात उंच उचलला, सगळ्यांना दिसावा म्हणून कपाळाच्या वर नेला, आणि म्हणाले, "तळवा असा पालथा. बोटं सरळ, जुळलेली. मंग असा उताना."

लाल रिबीन बांधलेला हात हवेत सपाट पसरला होता. पाचही बोटं शाळेच्या पट्टीसारखी सरळ होती. तळवा पालथा झाला, उताणा झाला, पुन्हा पालथा झाला. सरांना काही कळलं नाही. ते पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

तिसऱ्या ओळीत बेबीताईंनी ते पाहिलं. त्यांनी पार्वताबाईंचा दंड धरला, आणि सरांना ओरडून सांगावं म्हणून अर्ध्या उठल्या. पार्वताबाईंनी त्यांचा पदर धरून त्यांना हळूच खाली बसवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "प्राजक्ताचं पाच किलो पीठ अजून मळाचं हाये."

बेबीताई बसल्या. पार्वताबाई पुन्हा समोर पाहू लागल्या आणि बाकीच्या बायकांबरोबर हवेत पीठ मळू लागल्या, अगदी ठेक्यात.